गाळातील कारभारी

बडोदे शहराच्या मध्यभागी, न्यायमंदिराच्या भव्य इमारतीच्या आणि संगीत महाविद्यालयाच्या सान्निध्यात पसरलेले सुरसागर नावाचे तळे ज्याने पाहिले नाही, असा बडोदेकर सापडणे कठीण. पूर्वी चंदन तलाव या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका लहानशा तळ्याचे अठराव्या शतकात नव्याने बांधकाम होऊन त्यास पक्के काठ लाभले, पावसाळ्यात पाणी चढले असता ते भूमिगत दरवाजांवाटे विश्वामित्री नदीत सोडण्याची तजवीज झाली, आणि अलीकडच्या काळात मध्यभागी उभी राहिलेली शंभर फुटांहून उंच अशी शिवमूर्ती तर आता शहराची ओळखच होऊन बसली आहे. येणारा-जाणारा त्या मूर्तीकडे पाहतो, सायंकाळच्या दीपमाळांकडे पाहतो, क्वचित पाण्याच्या हिरव्या रंगाकडे पाहून नाक मुरडतो. परंतु तो रंग, तो वास आणि त्या पाण्यातील माशांचे जगणे-मरणे ज्याच्यावर अवलंबून आहे, तो तळाचा गाळ आणि त्या गाळात वस्ती करून राहिलेले असंख्य जीवाणू त्याच्या दृष्टीस कधी पडत नाहीत, आणि तळ्यांच्या सुशोभनाचे आराखडे करणाऱ्यांच्याही ते फारसे गणतीत नसतात. हे दुर्लक्ष किती महाग पडते, हे समजावयाचे तर त्या अदृश्य वस्तीचा कारभार थोडा तपशिलाने पाहावयास हवा.

तळ्यातील एक ग्रॅम गाळ, म्हणजे चिमूटभर चिखल, घेतला तर त्यात जीवाणूंची संख्या सामान्यतः कोट्यवधींच्या, पुष्कळदा अब्जाच्या घरात भरते. खोल सरोवरात या वस्तीवर पाण्याचा जाड थर असतो. उन्हाळ्यात तेथे वरचे उष्ण पाणी आणि खालचे शीत पाणी यांचे दोन स्वतंत्र थर बनून महिनेन् महिने त्यांची गाठ पडत नाही, त्यामुळे तळाशी जे घडते त्याची वार्ता पृष्ठभागास उशिरा पोहोचते. उथळ तळ्याची गोष्ट निराळी. तेथे एखाद्या जोराच्या वाऱ्याने सगळे पाणी ढवळून निघते, थोड्याशा पाण्यास मोठ्या क्षेत्रफळाचा गाळ भिडलेला असतो, आणि गाळाने जे सोडले ते काही तासांत पाण्यास मिळते. म्हणूनच उथळ तळ्याच्या प्रकृतीचा विचार करताना पाणी आणि गाळ यांची खाती निरनिराळी ठेवता येत नाहीत.

या सूक्ष्म सृष्टीचा पहिला परिचय मनुष्यास झाला तोही एका उथळ तळ्याच्याच निमित्ताने, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूक या कापडाच्या व्यापाऱ्याने १६७४ साली जवळच्या बेर्केल तळ्याचे, उन्हाळ्यात हिरवट होणारे पाणी आपल्या भिंगाखाली धरले आणि त्यात वळवळणारे जीव पाहिले. जीवाणू त्याच्या दृष्टीस पडले ते त्यानंतर दोन वर्षांनी. मात्र हे जीव चिखलात नेमके काय करतात, हे उलगडण्यास आणखी दोनशे वर्षे लागली, आणि तो मान मुख्यतः कीव्ह शहरी १८५६ साली जन्मलेल्या सेर्गेई विनोग्राड्स्की या शास्त्रज्ञाकडे जातो. गंधकयुक्त पाण्यात वाढणाऱ्या बेगियाटोआ नावाच्या जीवाणूचा अभ्यास करताना १८८७ साली त्याच्या ध्यानी आले की, हा जीव हायड्रोजन सल्फाइड या दुर्गंधी वायूचे ज्वलन करून त्यातून निघणाऱ्या शक्तीवर आपला निर्वाह करतो. प्रत्येक जीवास शक्ती मिळते ती सूर्यप्रकाशातून, नाहीतर दुसऱ्या जीवाने निर्माण केलेल्या अन्नातून, अशी जी तोवर सर्वमान्य समजूत होती, तिला या एका निरीक्षणाने धक्का बसला.

गाळातील जीवाणूंचे मूळ काम म्हणजे वरून पडणाऱ्या मृत द्रव्याचे विघटन. मेलेले शेवाळ, झाडांची पाने, माशांची विष्ठा, गटारातून आलेली घाण, देवास वाहिलेली फुले हे सारे शेवटी तळाशी जाते आणि तेथे जीवाणू त्याचे ज्वलन करून उपजीविका करतात. ज्वलनास प्राणवायू हवा. परंतु पाण्यातून झिरपणारा प्राणवायू वरच्यावरच संपून जातो, आणि सेंद्रिय द्रव्याने संपन्न अशा गाळात तो बहुधा काही मिलिमीटरांच्या खाली पोहोचतच नाही. त्याच्या खाली जे जीव राहतात त्यांना प्राणवायूऐवजी अन्य पदार्थांवर भागवावे लागते, आणि येथे एक विलक्षण शिस्त दृष्टीस पडते. ज्याप्रमाणे गायकवाडांच्या दरबारात मानकऱ्यांच्या बैठकी दर्जानुसार ठरलेल्या असत आणि वरच्या मानकऱ्याचा मान झाल्याखेरीज खालच्याचा होत नसे, त्याचप्रमाणे गाळात प्रथम प्राणवायू वापरणाऱ्यांचा अंमल चालतो. तो संपला की नायट्रेट वापरणाऱ्यांचा, मग मँगनीज व लोह यांच्या गंजलेल्या रूपांवर जगणाऱ्यांचा, त्यानंतर सल्फेट वापरणाऱ्यांचा, आणि सर्वांत शेवटी मिथेन वायू निर्माण करणाऱ्यांचा. हा क्रम कोणी हुकूम काढून लावलेला नाही. ज्या पदार्थापासून अधिक शक्ती मिळते त्याचा उपयोग करणारा जीव इतरांच्या पुढे जातो, एवढेच त्याचे कारण. सर्वांत खालचे जे मिथेनकर्ते, ते तर खऱ्या अर्थाने जीवाणूही नव्हेत. कार्ल वूज या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७७ साली त्यांचे स्वतंत्र कूळ असल्याचे दाखवून दिले. त्यांनी निर्माण केलेला वायू मात्र मनुष्यास त्याच्या पूर्वी दोनशे वर्षांपासून ठाऊक होता: आलेस्सांद्रो व्होल्टा याने १७७६ साली इटलीतील माज्जोरे सरोवराच्या काठचा चिखल काठीने ढवळून वर आलेले बुडबुडे बाटलीत धरले होते आणि ते पेटतात हे पडताळून पाहिले होते.

या प्रत्येक थराचे कर्तृत्व वरच्या पाण्यास निराळ्या प्रकारे भोगावे लागते. नायट्रेटवाल्यांचे काम निखळ उपकाराचे. शेतातील युरिया आणि शहराचे सांडपाणी यांतून तळ्यात येणारे नत्र, गाळाच्या वरच्या, प्राणवायूयुक्त थरातील जीवाणू प्रथम नायट्रेटमध्ये बदलतात, आणि लगतच्या प्राणवायूहीन थरातील जीवाणू त्या नायट्रेटचे पुन्हा साध्या नत्रवायूत रूपांतर करून तो हवेत सोडून देतात. ज्या कामासाठी नगरपालिकांना मोठी यंत्रसामग्री बसवून वीज जाळावी लागते, ते हे जीव विनामूल्य करतात. परंतु त्यासाठी हे दोन्ही थर, वरचा तांबूस आणि खालचा काळा, एकमेकांना लागून शाबूत असावे लागतात. वरचा थर नाहीसा झाला की नायट्रेट तयार होणेच थांबते आणि अमोनिया पाण्यात साचू लागतो.

लोहाच्या थराची कथा याहून महत्त्वाची आहे, आणि सुरसागरासारख्या तळ्याचे रहस्य बऱ्याच अंशी तेथेच दडलेले आहे. शेवाळ वाढण्यास स्फुरद लागतो. गाळाच्या पृष्ठभागी गंजलेल्या लोहाचा जो पातळ तांबूस थर असतो, तो स्फुरदास घट्ट धरून ठेवतो. इंग्लंडच्या सरोवर-प्रदेशात संशोधन करणाऱ्या क्लिफर्ड मॉर्टिमर यांनी १९४१ आणि १९४२ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधांत दाखविले की, पाण्यातील प्राणवायू तळाशी संपुष्टात आला म्हणजे हे लोह विरघळून जाते आणि त्याने धरून ठेवलेला स्फुरद पाण्यात मोकळा होतो. मग शेवाळ माजते, ते मरून तळाशी जाते, त्याच्या विघटनात आणखी प्राणवायू खर्ची पडतो, आणि आणखी स्फुरद सुटतो. उथळ तळ्यांच्या गाळात पाण्याच्या मानाने स्फुरदाचा साठा शंभरपट किंवा त्याहूनही अधिक असू शकतो. युरोपातील पुष्कळ तळ्यांत सांडपाण्याचे नळ बंद केल्यानंतरही पाणी स्वच्छ होण्यास दहा ते पंधरा वर्षे लागली, त्याचे कारण हेच, की बाहेरची आवक थांबली तरी गाळातील जुनी शिल्लक वर्षानुवर्षे बाहेर पडत राहिली.

आता सल्फेटच्या थराकडे वळू, कारण येथे आपला, म्हणजे मराठी माणसाचा, प्रत्यक्ष संबंध येतो. बडोद्यात मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या नांदत आली, त्यांच्याबरोबर गणेशोत्सव आला, तो गुजराती समाजानेही तितक्याच प्रेमाने आपलासा केला, आणि वर्षानुवर्षे या शहरातील गणपती सुरसागरात विसर्जित होत राहिले. मूर्ती शाडूच्या होत्या तोवर तळ्यात जात होती ती माती. पुढे प्लास्टर ऑफ पॅरिसचा सुळसुळाट झाला. हा पदार्थ म्हणजे कॅल्शियम सल्फेट; पाण्यात पडल्यावर तो जिप्सम बनतो, आणि जिप्सम एका लिटर पाण्यात सुमारे दोन ग्रॅम या प्रमाणात विरघळू शकते. विरघळतो तो सल्फेट. गोड्या पाण्याच्या तळ्यात एरवी सल्फेटचा तुटवडा असल्यामुळे सल्फेटवर जगणाऱ्या जीवाणूंचा तेथे फारसा जोर चालत नाही. मूर्तींच्या रूपाने त्यांना अकस्मात ही रसद मिळते, आणि तिच्याच जोडीला निर्माल्याचे सेंद्रिय अन्नही मिळते. हॉलंडच्या बायेरिंक यांनी १८९५ साली प्रथम वेगळे काढलेले हे जीवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. सडक्या अंड्यांचा जो वास, तो त्याचा. हा वायू लोहास भेटला की काळे लोहसल्फाइड बनते. गाळ डांबरासारखा काळा होतो. आणि जे लोह स्फुरदास धरून ठेवीत होते ते गंधकाने अडकवून टाकल्यामुळे स्फुरदावरचा पहाराच उठतो. म्हणजे मूर्तींवरील रंगांतील विषारी धातूंची जी चर्चा दर भाद्रपदात वृत्तपत्रांतून होते ती योग्यच असली, तरी मूर्तीच्या पांढऱ्या अंगानेच तळ्याचे जे नुकसान होते, त्याची चर्चा मात्र मी क्वचितच वाचली आहे.

ज्यास हे सर्व प्रत्यक्ष पाहावयाचे असेल त्याने विनोग्राड्स्कीचा एक जुना प्रयोग घरी अवश्य करावा; शाळेतील मुलांस तो फार आवडतो. तळ्याकाठचा ओंजळभर गाळ घ्यावा, त्यात कागदाचे बारीक तुकडे आणि थोडे जिप्सम कालवावे, काचेच्या उंच बरणीत तो भरून वर तळ्याचेच पाणी ओतावे, तोंड सैल झाकावे, आणि उजेडाच्या खिडकीत, पण कडक उन्हाबाहेर, ती बरणी ठेवून द्यावी. काही आठवड्यांत काचेवर पट्टे उमटू लागतात: तळाशी काळा, त्याच्या वर गंधकावर जगणाऱ्या जीवाणूंचे हिरवट व जांभळट पट्टे, आणि माथ्यावर प्राणवायूच्या सान्निध्यात शेवाळाची हिरवी झाक. जीवाणूंची जी निरनिराळी वस्ती गाळात काही मिलिमीटरांत दाटीवाटीने राहते, ती येथे वीतभर उंचीत पसरून दृग्गोचर होते. या प्रयोगासाठी लागणारी सामग्री, म्हणजे कागदातील काष्ठतंतू आणि जिप्सम, ही नेमकी विसर्जनाच्या दिवशी तळ्यास मिळणारी सामग्री आहे, हे सुज्ञ वाचकाच्या ध्यानी आलेच असेल.

हायड्रोजन सल्फाइड हा माशांचा काळ. परंतु तो पाण्यात शिरण्यापूर्वीच त्याचा बंदोबस्त करणारे जीवाणूही गाळाच्या माथ्यावर तैनात असतात, आणि त्यांतील एका जातीचा शोध तर अगदी अलीकडचा आहे. डेन्मार्कमधील आरहूस विद्यापीठाच्या संशोधकांना २०१२ साली आढळले की, काही जीवाणूंच्या हजारो पेशी एकीला एक जोडून काही सेंटिमीटर लांबीचे तंतू तयार होतात आणि हे तंतू चक्क विजेच्या तारेप्रमाणे काम करतात: खालच्या टोकाशी सल्फाइडमधून इलेक्ट्रॉन घ्यावयाचे आणि वरच्या टोकाशी ते प्राणवायूस पोहोचवावयाचे. एरवी मिलिमीटराच्या हजाराव्या भागाइतका लहान असणारा जीव असे अंतर तोडतो, याचा कितीही विचार केला तरी आश्चर्य ओसरत नाही. प्रथम समुद्रतळाशी सापडलेले हे जीवाणू पुढे गोड्या पाण्याच्या गाळातही मिळाले.

मग दर उन्हाळ्यात अनेक शहरी तळ्यांत मासे मरून तरंगतात ते का? येथे आपल्या हवामानाचा विचार करावयास हवा. वीस अंश तपमानाच्या पाण्यात एका लिटरला सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो, तीस अंशांस तो साडेसातांवर येतो. उलट उष्णतेबरोबर जीवाणूंची भूक मात्र वाढत जाते, स्थूलमानाने दर दहा अंशांमागे दुपटीने. चाळीस अंशांच्या वर पारा जाणाऱ्या बडोद्याच्या वैशाख-ज्येष्ठात पाणी आटलेले, सांडपाणी घट्ट झालेले, आणि गाळातील वस्ती पूर्ण जोमात असते. दिवसा शेवाळ प्राणवायू निर्माण करते. रात्री तेही श्वसनासाठी प्राणवायूच घेते, आणि पहाटेपूर्वी पाण्यातील शिल्लक सर्वांत कमी होते. अशा वेळी वळवाचा पाऊस आला, रस्त्यांवरची साचलेली घाण एकदम तळ्यात लोटली गेली आणि वाऱ्याने तळाचा काळा गाळ उसळला, की उरलासुरला प्राणवायू सल्फाइडच्या ज्वलनातच संपतो. सकाळी लोक मेलेले मासे पाहून कोणी विष टाकले असावे असा संशय घेतात; क्वचित तसे घडतही असेल, पण पुष्कळदा ही त्या तळ्याच्या कित्येक वर्षांच्या साचलेल्या कर्जाची एका रात्रीत झालेली वसुली असते.

निरोगी गाळ कसा असतो, हे पाहावयाचे तर बडोद्याहून डभोईच्या बाजूस वढवाणा तलावाकडे जावे. छप्पनच्या दुष्काळाने होरपळून निघालेल्या संस्थानात, त्यानंतर दहा वर्षांनी, म्हणजे १९१० साली, सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत सिंचनासाठी बांधलेला हा तलाव ओरसंग नदीचे पाणी जोजव्याच्या बंधाऱ्यावरून घेतो. २०२१ साली त्यास रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला, आणि त्याचे क्षेत्र 630 हेक्टर नोंदलेले आहे. मध्य आशियाच्या मार्गाने येणाऱ्या पक्ष्यांच्या ऐंशीहून अधिक जाती येथे हिवाळा काढतात. मोठ्या लालसरींचे थवे आणि पट्टकादंब यांच्यासाठी तो प्रसिद्ध आहे, आणि महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या अभ्यासकांनी तेथील पाणपक्ष्यांवर दीर्घकाळ काम केलेले आहे. पक्षी पाहावयास येणाऱ्यांच्या दुर्बिणी साहजिकच वर रोखलेल्या असतात, पण त्या थव्यांचा सरंजाम खाली गाळात आहे. कुजक्या पानात स्वतःचे असे पोषण थोडे. त्यावर जीवाणूंची वस्ती झाली म्हणजे ते खाण्याजोगे होते. त्या जीवाणूंना एकपेशीय प्राणी खातात, गाळात बिळे करून राहणाऱ्या लाल अळ्या आणि कृमी खातात, आणि त्यांवर मासे व कित्येक बदके पोसली जातात. त्या अळ्या आपल्या बिळांत पाणी खेळवून प्राणवायू गाळात खोलवर नेतात, पाण्याखालील वनस्पती आपल्या मुळांवाटे तेच करतात, आणि अशा रीतीने ज्यांच्यावर त्या जगतात त्या उपयुक्त जीवाणूंसाठी जागाही त्याच करून ठेवतात.

वढवाण्याची आणखी एक गोष्ट अशी की तेथे पाण्याची पातळी ऋतुमानाप्रमाणे चढते आणि उतरते. उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या काठच्या गाळात भेगा पडतात, हवा आत शिरते, साचलेले सेंद्रिय द्रव्य जळून जाते, आणि काळे लोहसल्फाइड पुन्हा तांबूस गंजात बदलून स्फुरद धरून ठेवण्यास सिद्ध होते. आपल्याकडील जुन्या तळ्यांस अशी वार्षिक विश्रांती लाभत असे, आणि शेतकरी त्याच सुमारास गाळ काढून शेतात पसरीत. महाराष्ट्र सरकारने २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना काढली, तिच्या मुळाशी हाच जुना व्यवहार आहे, आणि तो सर्वस्वी शहाणपणाचा आहे. शहरातील तळ्यांची मात्र आपण उलट स्थिती करून ठेवली आहे: बारमाही पाणी भरलेले दिसावे हा आग्रह, उभे पक्के काठ, त्यांवर फरसबंदी, आणि पाणवनस्पतींस थारा नाही.

सुरसागराचे पाणी उपसून त्यातील गाळ काढण्याचे कामही अलीकडे झाले. गाळ काढणे हा उपाय खोटा नव्हे. स्फुरदाचा जुना साठा त्याने खरोखरच कमी होतो. परंतु सांडपाण्याची आवक चालू राहिली तर थोड्याच वर्षांत तोच साठा पुन्हा जमतो, आणि गाळ सरसकट खरवडून काढला तर अळ्या, शिंपले आणि वनस्पतींची बीजे यांचाही निर्वंश होतो. त्याहून सोपा वाटणारा उपाय म्हणजे जीवाणूंची तयार भुकटी किंवा द्राव आणून तळ्यात ओतणे, आणि अनेक नगरपालिका त्यावर पैसा खर्च करतात. माझ्या मते हा खर्च बहुतांशी व्यर्थ आहे. जेथे ग्रॅमागणिक अब्जावधी जीवाणू आधीच वसलेले आहेत, तेथे उणीव जीवाणूंची नाही. उणीव आहे ती प्राणवायूची, आणि अतिरेक आहे तो आपण लोटलेल्या घाणीचा. विसर्जनाच्या बाबतीत बडोदे महानगरपालिकेने नवलखी मैदानासारख्या ठिकाणी कृत्रिम तलावांची जी व्यवस्था केली, ती मात्र मनापासून स्वागत करावी अशी आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात प्लास्टरची मूर्ती विरघळवून त्यापासून कॅल्शियम कार्बोनेट आणि अमोनियम सल्फेट हे खत मिळविण्याची रीत शोधून काढली, तीत सल्फेट तळ्यात जाण्याऐवजी शेतात जातो. शाडूच्या मूर्तीस ती खटपटही लागत नाही.

बडोद्यात, पुण्यात, कोल्हापुरात, जेथे कोठे वाचक राहत असेल तेथे एखादे तळे असेलच, आणि आज ना उद्या त्याच्या सुशोभनाचा आराखडा हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध होईल. त्या वेळी पालिकेकडे एक साधा अर्ज जरूर करावा आणि त्यात तीन गोष्टी विचाराव्यात: गाळातील स्फुरद आणि सल्फाइड मोजले आहेत काय, ज्येष्ठातल्या पहाटे तळालगतच्या पाण्यात प्राणवायू किती उरतो याची नोंद आहे काय, आणि तळ्यास मिळणारी गटारे दिवे व कारंजी बसविण्यापूर्वी वळविली जाणार आहेत की नंतर.